दगडखाणीची परवानगी : कागद कोणते, दक्षता कोणाची?

रस्ता, पूल, धरण वा घर. खडीवाचून कोणतेही बांधकाम उभे राहत नाही. ठाणे जिल्ह्यातील महापे हे गाव या दृष्टीने उद्‍बोधक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वसली, १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नव्या शहराची उभारणी हाती घेतली आणि पूर्वेकडील पारसिकच्या डोंगररांगेत तुर्भे, पावणे या परिसरात दगडखाणी सुरू झाल्या. शहर वाढले, त्याबरोबर डोंगराचे उतारही कापले गेले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला हा कातळ एकदा फोडला की पुन्हा घडत नाही. म्हणूनच दगड काढण्यापूर्वी अनेक परवानग्या घ्याव्या लागतात. त्यांतील प्रत्येक परवानगी एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर मागते.

दगडावर हक्क कोणाचा?

बांधकामाचा दगड, खडी, मुरूम ही गौण खनिजे होत. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाच्या कलम १५ अन्वये त्यांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. महाराष्ट्रात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. सातबारा शेतकऱ्याच्या नावे असला, तरी जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार, सनदेत वेगळे नमूद नसल्यास खनिजांवरील हक्क शासनाकडे राहतो. यास्तव खाणपट्टा अथवा अल्पमुदतीचा परवाना महसूल यंत्रणेकडूनच घ्यावा लागतो आणि दर ब्रासला, म्हणजे शंभर घनफुटांना, स्वामित्वधन भरावे लागते. विनापरवाना उत्खनन केल्यास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो व वाहनही जप्त होऊ शकते.

जमीन वनाची तर नाही?

डोंगराळ भागात हा प्रश्न कळीचा ठरतो. वनजमिनीवर खाण काढावयाची झाल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता आवश्यक आहे. शिवाय १९७५ च्या खाजगी वने संपादन अधिनियमाने ३० ऑगस्ट १९७५ पासून अनेक खाजगी वने शासनाकडे निहित झाली आहेत. केवळ सातबारा पाहून भागत नाही. वन विभागाच्या अभिलेखाशी तो पडताळून पाहणे इष्ट होय.

परिसरावर परिणाम काय?

पूर्वी लहान खाणी पर्यावरणीय मंजुरीच्या कक्षेबाहेर राहत. मोठ्या क्षेत्राचे पाच हेक्टरांहून लहान तुकडे पाडून पट्टे दिल्यास ती टाळली जाई. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात ही पळवाट बंद केली. पाच हेक्टरांहून कमी क्षेत्राच्या पट्ट्यांसही, त्यांच्या नूतनीकरणासह, पर्यावरणीय मंजुरी अनिवार्य झाली. पुढे १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने शेजारच्या खाणींचा एकत्रित विचार करण्याची तरतूद केली. एका खाणीपासून ५०० मीटरच्या आत दुसरी खाण असल्यास त्यांचा समूह धरला जातो. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिलेल्या आदेशानंतर, समूहाचे क्षेत्र पाच हेक्टरांहून अधिक झाल्यास आघात मूल्यांकन अहवाल व जनसुनावणी आवश्यक ठरली.

याशिवाय खडीयंत्रासाठी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा घ्यावी लागते : उभारणीपूर्वी एकदा आणि चालविण्यापूर्वी पुन्हा. योगायोग असा की, मंडळाची मध्यवर्ती प्रयोगशाळाही महापे येथेच आहे. सुरुंगासाठी लागणाऱ्या स्फोटकांचा परवाना आणखी निराळा असतो.

तीस दिवसांचे महत्त्व

महापे आता नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. ग्रामीण भागात मात्र दक्षतेचा भार प्रथम ग्रामपंचायतीवर येतो. जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते. मंजुरी मिळाल्यावर तिची प्रत स्थानिक संस्थेस दिली जाते व ती तीस दिवस फलकावर लावणे बंधनकारक आहे. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची मूळ मुदतही तीस दिवसांचीच असून पुरेसे कारण असल्यास ती आणखी साठ दिवस वाढू शकते. आलेला कागद पंचायतीच्या कपाटात पडून राहिला, तर गावकऱ्यांच्या हातातील बहुमोल दिवस वाया जातात. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्यानुसार गौण खनिजाचा पट्टा देण्यापूर्वी ग्रामसभा वा पंचायतीची शिफारस अनिवार्य आहे.

मंजुरीतील अटींच्या पूर्ततेचा अहवाल खाणधारकाने दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सादर करावयाचा असतो. धुळीवर पाणी मारले जाते काय, हद्दीचे खांब जागेवर आहेत काय, झाडे लावली व जगविली काय, हे अहवालाशी ताडून पाहण्यास गावकऱ्यांइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना या अटी समजावून दिल्यास तो नागरिकशास्त्राचा उत्तम पाठ ठरेल.

खाण बंद झाल्यावर उरणारा खड्डा हा शेवटचा, पण सर्वाधिक दुर्लक्षित विषय होय. कोकणच्या पावसात असा खड्डा काठोकाठ भरतो आणि कुंपण नसल्यास मुलांच्या व गुरांच्या जिवावर बेततो. म्हणून खाण सुरू होण्यापूर्वीच तिच्या समाप्तीचा आराखडा वाचला गेला पाहिजे. दगड जाणार आणि खाणधारकही जाणार. जमीन मात्र गावाजवळच राहणार आहे.