युती नाही, तरी शांतता? अमिताव आचार्य यांचं संशोधन सोप्या भाषेत

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

शेजारी देश आपसात लढायचं का थांबतात? आपलं पटकन येणारं उत्तर म्हणजे, एखादा दांडगा देश धाक दाखवतो म्हणून. मूळचे ओडिशाचे अमिताव आचार्य यांना हे उत्तर अपुरं वाटलं. जेएनयू, मग ऑस्ट्रेलियात पीएचडी, पुढे सिंगापूर, कॅनडा, ब्रिटन आणि आता वॉशिंग्टनची अमेरिकन युनिव्हर्सिटी. इतकी विद्यापीठं बदलली, पण त्यांनी आग्नेय आशिया काही सोडला नाही.

कारण तिथली गोष्टच भारी आहे. 1963 ते 1966 इंडोनेशिया आणि मलेशिया यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. आणि 1967 मध्ये हेच दोघे थायलंड, फिलिपिन्स, सिंगापूरसोबत ‘आसियान’ स्थापन करतात! 2001 च्या पुस्तकात आचार्य म्हणतात, की इथे सवयींनी काम केलं: बळ वापरायचं नाही, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, निर्णय सहमतीने.

2004 च्या लेखात त्यांनी पुढचा मुद्दा मांडला: बाहेरच्या कल्पना जशाच्या तशा रुजत नाहीत, त्यांचं स्थानिकीकरण होतं. आम्हा कोडवाल्यांना हे लगेच कळतं. ॲप मराठीत आणताना नुसते शब्द बदलून भागत नाही. तारखा, आकडे, नावं लिहायची पद्धत, सगळं बघावं लागतं. युरोपातली ‘मिळून सुरक्षा’ ही कल्पना आसियानने अशीच आपल्या पद्धतीत बसवली. 1994 चा आसियान रीजनल फोरम त्यातूनच आला. पण दुसऱ्या देशात हस्तक्षेप करायची कल्पना काही पचली नाही.

आता भारताकडे येऊ. 2012 पासून भारत आणि आसियान ‘सामरिक भागीदार’ आहेत. 2022 मध्ये भागीदारी ‘सर्वसमावेशक’ झाली. म्हणजे शिखर बैठका, व्यापार, 2023 चा नौदल सराव. पण ‘तुझ्यावर हल्ला तो माझ्यावर हल्ला’ हे नाटोसारखं वचन यात नाही. म्हणून बातमीत ‘भागीदारी’ दिसली, की ‘युती’ वाचू नका.

मग सवयी पुरतात का? जुलै 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया, दोघेही आसियान सदस्य, पाच दिवस लढले. डझनावारी माणसं गेली, लाखोंना घरं सोडावी लागली. शस्त्रसंधी मलेशियात झाली, पण अमेरिकेच्या टॅरिफच्या धमकीचाही दबाव होता. डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई पेटली.

सिद्धांत मोडीत निघाला? इतकं सोपं नाही. आसियानमध्ये शांतता पक्की झाली, असं आचार्यांनी म्हटलंच नव्हतं. ती आत्ता कुठे आकार घेतेय, असं म्हटलं होतं. आणि सवय लागते तशी सुटतेही.

तुम्हाला काय वाटतं? सीमेवर राहणाऱ्या माणसाने कशावर भरवसा ठेवावा: सवयीवर, की धाकावर? कमेंटमध्ये सांगा.