न दिसणाऱ्या उजेडाची विजेरी



विजेरी कशी निवडावी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. साधी विजेरी घ्यायची तर ती दुकानात भिंतीवर पाडून पाहावी आणि जिचा उजेड अधिक ती घ्यावी, एवढ्यात काम भागते. परंतु आज मी जिच्याविषयी बोलणार आहे तिच्या बाबतीत हा व्यवहार नेमका उलटा पडतो. भिंतीवर जी अधिक झगझगीत दिसते ती कामाला बहुधा कमी, आणि जी पेटली आहे की नाही अशी शंका यावी ती बहुधा चांगली! ही आहे जंबूपार, म्हणजेच अतिनील किरणांची विजेरी.

हा विषय मनात घोळू लागला तो एका लहानशा प्रसंगामुळे. एका दुकानात मी उभा होतो. माझ्यापुढे भाजी विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पाचशेची नोट पुढे केली. दुकानदाराने गल्ल्याजवळची जांभळी विजेरी तिच्यावर पाडली. नोट निळसर पांढरी चमकली. "बाई, ही चालायची नाही, खोटी आहे," असे म्हणून त्याने ती परत सरकवली. चार माणसांदेखत बाईंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "अहो दादा, खोटी कशी असंल? लेकाच्या सदऱ्यात राहून काल धुतली गेली, एवढंच." मी ती नोट माझ्याजवळच्या नोटेशी बदलून घेतली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरली. बँकेने ती तपासून बिनतक्रार घेतली. विजेरीने खोटे सांगितले नव्हते, पण तिचे म्हणणे समजून घेण्यात चूक झाली होती. ती कशी, हे कळण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

इंद्रधनुष्याच्या जांभळ्या पट्ट्यापलीकडेही काही आहे, हे 1801 साली योहान रिटर या जर्मन संशोधकाने दाखवले. उजेडाने काळे पडणारे चांदीचे एक क्षार त्याने लोलकातून पडलेल्या रंगपटात ठेवले. जांभळ्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे ते सर्वांत लवकर काळे पडले. प्रकाशाच्या लाटेची लांबी नॅनोमीटर या मापाने मोजतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यांतला एक भाग तो नॅनोमीटर. आपल्या डोळ्याला साधारण 400 पासून 700 पर्यंतच्या लाटा दिसतात. 400 च्या खाली जंबूपार किरणांचा प्रांत सुरू होतो.

मग न दिसणाऱ्या उजेडाने वस्तू चमकतात त्या कशा? याचा उलगडा 1852 साली जॉर्ज स्टोक्स याने केला. कोयनेलाचे पाणी जंबूपार किरणांत धरले की निळे उजळते. स्टोक्सने दाखवले की असा पदार्थ तोकड्या लाटेचा प्रकाश गिळतो आणि त्याच्या बदल्यात लांब लाटेचा प्रकाश बाहेर टाकतो. आपल्याकडे पूर्वी मोठे नाणे मोडून घेताना सराफ बट्टा कापून घेत असे, तसाच हा प्रकार. जंबूपार किरणांचे नाणे मोडले, थोडा बट्टा उष्णतेच्या रूपाने गेला आणि उरलेले सुटे नाणे दृश्य प्रकाशाच्या रूपाने आपल्या हाती आले. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. घरी पाहायचे असेल तर पालकाची पाने स्पिरिटमध्ये कुस्करून गाळून घ्यावीत. ते हिरवे पाणी जंबूपार किरणांत लाल दिसते.

आता विजेरीकडे वळू. गॅलियम नायट्राइड या पदार्थापासून निळा उजेड देणारे दिवे करण्याची विद्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांनी सिद्ध केली व 2014 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातून जंबूपार उजेडाचे चिमुकले एलईडी निघाले. बाजारात मुख्यतः त्यांच्या दोन जाती दिसतात, एक 395 नॅनोमीटरची आणि दुसरी 365 ची. पहिली स्वस्त, दुसरी महाग. वेष्टनावर दोन्हींवर 'यूव्ही' एवढेच मोठ्या अक्षरांत असते, म्हणून आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

या तीस आकड्यांचा फरक फार आहे. 395 हे अगदी कुंपणावरचे माप. एलईडीचा उजेड नेमक्या एकाच मापाचा नसतो, तो दोन्ही बाजूंना थोडा पसरतो. त्यामुळे 395 च्या विजेरीतून पुष्कळसा जांभळा उजेड डोळ्याला दिसतोच. गिऱ्हाइकाला वाटते, केवढी जोरदार! पण हा जांभळा झोत अंधूक प्रतिदीप्तीला बुडवून टाकतो. भर दुपारी निरांजन लावावे, तसे होते. 365 चा झोत मात्र डोळ्याला फिका दिसतो आणि त्यात चमकणारी वस्तू उठून दिसते.

तरीही 365 च्या एलईडीतून थोडा पांढुरका उजेड निसटतोच. तो अडवण्यासाठी चांगल्या विजेरीच्या तोंडावर काळी दिसणारी काच बसवलेली असते. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड याने विसाव्या शतकाच्या आरंभी दृश्य प्रकाश अडवून जंबूपार किरण जाऊ देणारी काच तयार केली. कोड किंवा डोक्यातला गजकर्ण पाहण्यासाठी त्वचारोगाचे डॉक्टर वापरतात तो दिवा आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. काळी काच पाहून 'उजेड अडतो आहे' म्हणून ती काढून टाकणारे लोक असतात. त्यांनी विजेरीचा निम्मा गुणच काढून टाकला म्हणायचा.

दुसरी फसगत 'ल्यूमेन' या आकड्याची. हे माप माणसाच्या डोळ्याला उजेड किती जाणवतो यावर बेतलेले आहे. जो उजेड डोळ्याला जाणवतच नाही त्याचे ल्यूमेन किती सांगणार? जंबूपार विजेरीवर हजारो ल्यूमेन छापलेले असले तर तो आकडा अर्थशून्य समजावा. तिची शक्ती बाहेर पडणाऱ्या किरणांच्या मिलिवॅटमध्ये सांगावी लागते. एलईडी तापला की त्याचा जोर उतरतो, म्हणून उष्णता वाहून नेणारे धातूचे अंग असलेली विजेरी बरी. नोटा, कागद पाहायचे तर पसरट झोत हवा. अंगणात लांबवर पाहायचे तर एकवटलेला.

दुकानात पारख कशी करावी? खिशातली एक कोरी करकरीत नोट घ्यावी व हाताच्या ओंजळीने तिच्यावर अंधार करून विजेरी पाडावी. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो आणि तो मुळात चमकत नाही. क्रमांकाची शाई व कागदात विखुरलेले बारीक तंतू मात्र उजळतात. कोरी जागा काळसर राहून क्रमांक आणि तंतू झळकले तर विजेरी चांगली. सगळी नोट जांभळ्या उजेडात न्हाऊन निघाली आणि तंतू शोधावे लागले तर ती परत द्यावी.

आणि इथेच त्या बाईंच्या नोटेचे कोडे सुटते. पूर्वी कपड्याला नीळ देत असत. आजच्या साबणाच्या चुऱ्यात त्या जागी अशी द्रव्ये असतात की जी सूर्यप्रकाशातले जंबूपार किरण गिळून निळा उजेड टाकतात, म्हणून पांढरा सदरा अधिक पांढरा दिसतो. ही द्रव्ये कापसाला चिकटतात, आणि नोट कापसाचीच! धुतली गेलेली खरी नोट म्हणून चमकते. तेव्हा नोट चमकली की लगेच खोटी म्हणू नये. ती उजेडासमोर धरून जलचिन्ह पाहावे, सुरक्षा धागा पाहावा, नोट तिरकी करून त्याचा हिरवा रंग निळा होतो का ते पाहावे आणि उठावाची छपाई बोटांनी चाचपावी. विजेरीची साक्ष घ्यावी; निकाल सर्व साक्षी तपासूनच द्यावा.

विंचवाच्या बाबतीतही असेच आहे. विंचू जंबूपार किरणांत हिरवट निळा उजळतो आणि या कामाला 395 ची स्वस्त विजेरीही पुरते. कोकणात लाल विंचवाचे भय किती, हे सांगायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याच्या दंशावर प्राझोसीन या औषधाचा उपयोग रूढ करून असंख्य प्राण वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रात्री अंगणात, लाकडांच्या राशीपाशी विजेरी फिरवणे शहाणपणाचे आहे. परंतु नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, आणि दगडाखाली बसलेला तर दिसतच नाही. म्हणून विजेरी असली तरी चप्पल झटकून घालण्याची आजीची शिस्त सोडू नये. दंश झालाच तर मुळीच वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

दोन इशारे देऊन थांबतो. झगझगीत उजेड पडला की डोळ्याची बाहुली आपोआप आकसते. जंबूपार किरण डोळ्याला जाणवत नाहीत, म्हणून ती पुरेशी आकसत नाही. लहान मुलांच्या डोळ्यातले भिंग हे किरण मोठ्यांपेक्षा अधिक आत जाऊ देते. तेव्हा ही विजेरी मुलांना खेळायला देऊ नये, कोणाच्या तोंडावर पाडू नये आणि पुष्कळ वेळ काम असेल तर जंबूपार किरण अडवणारा चष्मा लावावा. दुसरे असे की, 2020 च्या साथीत अशा विजेऱ्या जंतू मारतात म्हणून विकल्या गेल्या. जंतुनाशासाठी 280 च्या खालचे किरण लागतात, आणि ते त्वचेला व डोळ्याला इजा करतात. हात त्यांनी निर्जंतुक करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच तेव्हा बजावले होते. 365 किंवा 395 च्या विजेरीला त्या कामी वापरणे म्हणजे निव्वळ समाधान.

विजेरी घ्याल तेव्हा आकडा वाचा, काळी काच पाहा, ल्यूमेनला भुलू नका आणि आपल्या खिशातल्या नोटेवर पारख करा. आणि ती हाती आल्यावर कोणाची नोट चमकली, तर 'खोटी' हा शब्द तोंडातून काढण्यापूर्वी एवढे विचारा : "बाई, ही धुण्यात गेली होती का?"