नळी लांब, म्हणून नेम पक्का?

पनवेलमध्ये नेमबाजी प्रशिक्षक सुमा शिरूर यांच्या लक्ष्य शूटिंग क्लबात तयार होणारे नेमबाज 10 मीटरवर एअर रायफल चालवतात. ती रायफल लांबलचक दिसते, पण गोळीला फिरकी देणारी खरी नळी साधारण 42 सेंटिमीटरच असते. पुढचा भाग म्हणजे पुढची साइट मागच्या साइटपासून लांब नेण्यासाठी जोडलेले नळकांडे. लांब नळीने नेम पक्का होतो, या सर्वमान्य समजाला इथेच तडा जातो. नळीची लांबी ठरवायची ती लक्ष्याच्या अंतरावरून, आणि त्या अंतरावर गोळीला किती वेग हवा त्यावरून, असे माझे ठाम मत आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्य मिळवले. या प्रकारातल्या .22 काडतुसात चिमूटभर दारू असते. तिच्या वायूचा जोर पहिल्या 40-45 सेंटिमीटरमध्येच ओसरतो. त्यापुढची नळी गोळीला घर्षणाने थोडी मंद करतेच. तरीही स्पर्धेतल्या नळ्या बऱ्याच लांब असतात, कारण इथे दुर्बीण चालत नाही. दोन साइटमधले अंतर 80 सेंटिमीटर असताना जुळणीत दशांश मिलिमीटर चूक झाली, तर 50 मीटरवर गोळी सव्वासहा मिलिमीटर सरकते. तेच अंतर 1 मीटर असेल तर 5 मिलिमीटर. दहा गुणांचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे आहे, त्यामुळे हा फरक पदकाचा ठरू शकतो. पण हे काम साइटच्या अंतराचे आहे आणि ते हलक्या नळकांड्यानेही साधते.

हजार यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, हिशेब बदलतो. .308 जातीच्या मोठ्या काडतुसात दारू जास्त, म्हणून नळीच्या दर जादा इंचाला सेकंदाला साधारण 6 ते 8 मीटर वेग वाढतो. गोळी वाटेत ध्वनीच्या वेगाखाली आली की त्या संक्रमणात डगमगते आणि लक्ष्यावर विखुरते. म्हणूनच लांब पल्ल्याच्या पाल्मा स्पर्धेचे नेमबाज 30 इंची नळी वापरतात. ती हौस नव्हे, गरज आहे.

जादा वेग असला तर वारा गोळीला कमी ढकलेल, मग प्रत्येकाने लांब नळीच का घेऊ नये, असा आक्षेप येतो. वाऱ्याचा मुद्दा खराच आहे. पण जाडी तीच ठेवून नळी लांबवली की तिचा ताठपणा झपाट्याने घटतो, कारण वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाने वाढते. ताठपणा राखायला जाडी वाढवावी, तर उभ्याने नेम धरताना पुढे झुकणारे वजन खांद्याला थकवते. शिवाय गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढा वेळ नेमबाजाला अढळ राहावे लागते. जुन्या तोड्याच्या बंदुकांच्या लांब नळ्यांचा दाखलाही दिला जातो; पण त्या काळ्या दारूच्या होत्या, आणि आजची धूरविरहित दारू वेगळ्या दाबाने जळते. 300 मीटरच्या स्पर्धेसाठी .308 निवडणाऱ्याला 65 सेंटिमीटरच्या आसपासची नळी पुरते. तिथे पोहोचेपर्यंत गोळी ध्वनीहून बरीच वेगवान असते, आणि वाचलेले वजन नळीच्या जाडीत घालता येते.