किनारा पिशवीत भरून आणता येत नाही

मी वेळणेश्वरात राहून प्लास्टिकचे रोबो जोडतो आणि त्यांच्याभोवती देखावे उभे करतो, हे कळलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मग तुला काय, वाळू दारातच!" मे महिन्यात मुंबईहून आलेले पाहुणे म्हणतात, शेजारचे काका म्हणतात. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंही म्हणतात, आणि त्यांनी तरी म्हणायला नको. मागच्या वर्षी एका पाहुण्याने येता येता किनाऱ्यावरची वाळू दुधाच्या पिशवीत भरून आणली आणि प्रेमाने पायरीवर ठेवली. तिचं काय झालं ते पुढे सांगतो.

गैरसमज असा, की खऱ्या किनाऱ्याची खरी वाळू फळीवर पसरली की छोटा किनारा तयार होतो. वस्तुस्थिती अशी, की खडीचं मैदान तयार होतं.

हिशेब पाचवीतल्या मुलाला जमेल. या छंदात सर्वाधिक चालणारी स्केल १/१४४ आहे. खऱ्या वस्तूचे १४४ मिलिमीटर इथे एक मिलिमीटर होतात. 'मोबाइल सूट गंडम' ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर १९७९ साली आली. तिच्यातला मूळ रोबो आरएक्स-७८-२ हा १८ मीटर उंच. बांदाई कंपनीने जुलै १९८० मध्ये त्याचं पहिलं किट ३०० येनना विकायला काढलं ते याच स्केलमध्ये, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरचं. इथवर सगळ्यांना पटतं. आता तोच नियम उलटा फिरवून वाळूला लावा, की लोक माझ्याकडे संशयाने बघू लागतात.

चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये कणांच्या आकाराची वर्गवारी मांडली. भूशास्त्रात ती आजही वापरतात. तिच्यात मध्यम वाळूचा कण पाव ते अर्धा मिलिमीटरचा. पाव गुणिले १४४ म्हणजे ३६ मिलिमीटर, अर्धा गुणिले १४४ म्हणजे ७२. रोबोच्या पायाशी तुम्ही लिंबापासून मोसंबीपर्यंतचे गोटे अंथरलेत. तिथे उभा केलेला कोळी जेमतेम १२ मिलिमीटरचा असतो. त्याला त्या किनाऱ्यावरून होडी ओढायला सांगून बघा.

"पण एवढं बारीक कुणाच्या डोळ्याला कळतंय?" कळतं. कारण सांगता येत नाही, पण बघणाऱ्याला काहीतरी बिनसलंय हे लगेच जाणवतं. देवळाकडच्या माडांतून पाण्याच्या रेषेकडे नजर टाका. अठरा मीटरची वस्तू नजरेत मावेल इतक्या अंतरावरून वाळूचा कण कधी दिसतो का? दिसतो तो नुसता रंग: पाण्याजवळ गडद, वर कोरडा फिका, मध्ये लाटेने ओढलेल्या पुसट रेघा. देखाव्यातही तेवढंच दिसायला हवं. एकेक दाणा सुटा चमकायला लागला, की रोबो अठरा मीटरचा राहत नाही. तो वाळूत ठेवलेलं साडेबारा सेंटिमीटरचं प्लास्टिक होतो, जे तो खरोखर आहे.

मग वापरायचं काय? पाव मिलिमीटरच्या कणाला १४४ ने भागलं तर उत्तर ०.००१७ मिलिमीटर येतं, आणि वेंटवर्थच्या तक्त्यात हा आकार वाळूचा नाहीच, तो चिकणमातीचा. म्हणून वाळूची प्रतिकृती करायची ती पिठीची. मी खडूची आणि जुन्या कौलाची पूड वस्त्रगाळ करतो, फेविकॉलच्या पाण्यात कालवतो, फळीवर लेप देतो आणि ओला असतानाच कोरड्या ब्रशने लाटांच्या रेघा ओढतो. बाकी सगळं रंगाचं काम.

वाळूची दुसरी खोड मिठाची. ती मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकलो. पहिला देखावा एप्रिलमध्ये न धुतलेल्या वाळूवर उभा केला. ऑगस्टमध्ये तळ ओलसर, वर पांढरी बुरशीसारखी फुलोरी, आणि माडांच्या खोडांतल्या तारा गंजलेल्या. घरावर कौलं होती, कुठे गळतही नव्हतं, मग पाणी आलं कुठून? हवेतून. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्केच पुरतात. हे आकडे ज्याला खोटे वाटतील त्याने प्रयोगशाळेत चौकशी करावी. आर्द्रतामापक तपासायला याच क्षारांची संपृक्त द्रावणं वापरतात. कोकणातल्या पावसाळ्यात ३३ टक्के म्हणजे चेष्टाच. वाळू गोड्या पाण्यात चार वेळा धुतली तर मीठ जातं, हे खरं. आकार मात्र जात नाही.

याच घराण्यातला पुढचा गैरसमज पाण्याचा: समुद्र दाखवायला खरं पाणी घालावं. पाण्याचा थेंब रोबोला बघून लहान होत नाही. तीन मिलिमीटरचा थेंब या स्केलमध्ये ४३ सेंटिमीटरचा, म्हणजे चांगलं कलिंगड होतो. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उसळतं तसं काही करायचं असेल तर पिंजलेला कापूस आणि चकचकीत वार्निश घ्या. रेझिन एका दमात ओतलं की झाला समुद्र, असंही सांगणारे भेटतात. रेझिन घट्ट होताना तापतं. जाड थर एकदम ओतला तर तडकतं, दमट हवेत वर चिकट पांढरट साय धरतं आणि उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं. पातळ थर द्यावेत, आणि शक्यतो पावसाळ्याबाहेर.

आता ज्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही ते. "महाकाय रोबो म्हणजे माडांच्या कितीतरी वर डोकं काढणारा." तोक्योच्या ओदाइबात २००९ मध्ये याच रोबोचा पूर्णाकृती पुतळा उभा केला होता, १८ मीटरचा. वाडीतला उंच जातीचा जुना माड २० मीटरच्या पुढे जातो. म्हणजे हा महाकाय गडी आमच्या वाडीत शिरला तर झावळ्यांत तोंड लपवून उभा राहील. मी तसाच एक देखावा केला: १४ सेंटिमीटरचे माड, साडेतीन सेंटिमीटरच्या झावळ्या आणि त्यांच्या आडून दिसणारा एक खांदा. बघणाऱ्यांनी विचारलं, "माड जरा जास्त झाले का?" नाही झाले. उलट तो रोबो प्रचंड वाटला तो त्या माडांमुळेच, कारण माड केवढा असतो ते कोकणातल्या माणसाला ठाऊक असतं. गडग्याचा फूटभर चिरा दोन मिलिमीटरचा, होडी पाच सेंटिमीटरची. मोठेपणा दाखवतात त्या या वस्तू. नुसत्या काळ्या फळीवर रोबो उभा करणाऱ्यांना मग वाटतं, की याहून मोठं किट घ्यायला हवं होतं.

आणि त्याला जमिनीवर नुसता टेकवू नका. पूर्ण सज्ज असताना त्याचं वजन ६० टन दिलेलं आहे. माणूस उंची, रुंदी, जाडी अशा तिन्ही बाजूंनी दहापट केला तर वजन हजारपट होतं आणि तळव्याचं क्षेत्रफळ शंभरपटच. तळव्याखालचा दाब त्यामुळे आपल्या आठ-दहा पट. ओल्या वाळूत आपलीसुद्धा पावलं उमटतात. याचा पाय रुतलेला हवा, कडेची वाळू फुगून वर आलेली हवी.

किरकोळ गैरसमज झटपट. गोंदाशिवाय जोडता येत नाही: सुरुवातीची किटं गोंदाची होती, आजची बहुतेक नुसती दाबून बसतात. सुपरग्लू कुठेही चालतो: पारदर्शक भागांजवळ नको, वाफेने काच धुरकट होते. डायोरामा, म्हणजे असा देखावा, हा जपानी शब्द: पॅरिसमध्ये १८२२ साली दागेरने, पुढे छायाचित्रणासाठी गाजलेल्या त्याच दागेरने, रंगवलेल्या पडद्यांवर प्रकाश बदलत दृश्यं दाखवणारं जे थिएटर काढलं त्याचं हे नाव. पोरखेळ आहे: असेल, पण पाच वर्षांच्या पोराच्या हाती कटर देऊन बघू नका.

एक मात्र झटपट सोडवत नाही. "ही सगळी परदेशी थेरं, आपल्यात असलं काही नव्हतं." हे म्हणणाऱ्याने स्वतः लहानपणी दिवाळीत किल्ला केलेला असतो! विटा रचून, वर गोणपाट टाकून, चाळलेल्या मातीचा चिखल थापून, अळीव पेरून, दारात मावळे उभे करून. डायोरामा याहून वेगळा काय असतो? किल्ल्यावरचे महाराज दरवाजाहून उंच असतात याला मी चूक म्हणणार नाही. तिथे उंची मानाने ठरते, फूटपट्टीने नाही. पण अळिवाची गंमत बघा. मावळा साडेसात सेंटिमीटरचा धरला तर स्केल साधारण १/२२ येते आणि पाच सेंटिमीटरचं अळीव ११० सेंटिमीटरचं गवत होतं, कमरेच्या थोडं वर. पावसाळा संपताना सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावर जाऊन या. गवत तेवढंच असतं. कुणी हिशेब केला नव्हता, तरी जमलं.

राहिली ती दुधाची पिशवी. वाळू मी धुतली, वाळवली, चाळली आणि अर्ध्या मिलिमीटरचे कण बाजूला काढले. १/१४४ मध्ये ते सात सेंटिमीटरचे दगड, म्हणजे रुळांखाली घालतात तशी खडी. पुढचा देखावा कोकण रेल्वेच्या रुळांचा केला आणि तिथे ती वाळू फार सुंदर दिसली. पाहुण्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "बघ, मी म्हणालो नव्हतो, खरी वाळू ती खरी वाळू!"

या मे महिन्यात तो पुन्हा आला, शिंपल्या घेऊन. त्यातली सगळ्यात लहान सेंटिमीटरभर आहे, म्हणजे दीड मीटरला थोडी कमी. माझ्या कोळ्याच्या खांद्याला लागते.