न झालेल्या मालिका जातात कुठे?

‘स्टार ट्रेक’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? टोकदार कानांचा स्पॉक? ते थाळीसारखं ‘एंटरप्राइझ’ यान? एकही भाग पाहिला नसेल तरी काही बिघडत नाही. 1966 साली अमेरिकेतल्या एनबीसीवर सुरू झालेली ही मालिका तीन सीझन आणि 79 भागांनंतर 1969 मध्ये गुंडाळली गेली. पुढे मात्र तिला इतकी पिल्लं झाली, की बघायला सुरुवात कुठून करायची यावरच फॅन्सची जुंपते. त्या पिल्लांबद्दल कुणीही सांगेल. आपण बोलू या जन्मालाच न आलेल्यांबद्दल. कारण त्यातल्या एका मालिकेत मुंबईची एक मुलगी दर आठवड्याला दिसणार होती.

पण त्याआधी गॅरी सेव्हन. हा पृथ्वीवरचाच माणूस, पण परग्रहावर तयार झालेला गुप्त एजंट. पृथ्वीवासीयांनी स्वतःचाच सत्यानाश करू नये म्हणून 1968 च्या न्यूयॉर्कमध्ये येऊन बसलेला. सोबत एक काळी मांजर आणि गोंधळलेली सेक्रेटरी. ‘स्टार ट्रेक’चा कर्ता जीन रॉडनबेरी याने ही कल्पना आधी स्वतंत्र मालिका म्हणून विकून पाहिली होती, ती खपली नाही. मग त्याने तीच गोष्ट ‘स्टार ट्रेक’च्या दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग म्हणून घुसवली. यालाच बॅकडोअर पायलट म्हणतात. चालत्या मालिकेच्या मागच्या दाराने नवीन मालिका आत सोडायची आणि लोकांना आवडते का बघायचं. ‘असाइनमेंट : अर्थ’ नावाचा हा भाग 29 मार्च 1968 ला दाखवला गेला. बघताना गंमत वाटते. आपले कॅप्टन कर्क आणि स्पॉक स्वतःच्याच मालिकेत पाहुण्यासारखे वावरतात! चॅनलने पुढे काहीच केलं नाही. सेक्रेटरी झालेली टेरी गार पुढे ऑस्कर नामांकनापर्यंत पोचली. तिचं नाव लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

आता खरी गोष्ट. मालिका बंद पडली, पण जुने भाग स्थानिक चॅनल्सवर पुन्हा पुन्हा लागत राहिले आणि प्रेक्षक वाढतच गेले. 1977 मध्ये पॅरामाउंट कंपनीने ठरवलं, एनबीसी, सीबीएस, एबीसी या तिघांना टक्कर द्यायला आपलं चौथं नेटवर्क काढायचं. आणि त्याचा हुकमी एक्का ‘स्टार ट्रेक : फेज टू’. सेट उभे राहू लागले, कपडे शिवले जाऊ लागले, डझनभर स्क्रिप्ट्स लिहायला दिल्या. स्पॉक साकारणारा लेनर्ड निमॉय पूर्ण वेळ यायला तयार नव्हता, म्हणून झॉन नावाचा तरुण व्हल्कन तयार केला. त्यासाठी डेव्हिड गॉत्रो हा नट निवडला. आणि यान चालवणाऱ्या इलिया या परग्रहवासी अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी निवड झाली पर्सिस खंबाटाची.

पर्सिस म्हणजे 1965 ची मिस इंडिया. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बंबई रात की बाहों में’मध्ये तिने काम केलं होतं, मग परदेशात जाऊन मायकेल केन आणि सिडनी पॉटिए यांच्यासोबतही. इलियाच्या जमातीला डोक्यावर केस नसतात. सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या मुलीने डोक्याचा तुळतुळीत गोटा करायचा, तोही त्या काळात! तिने केला.

फक्त तोवर मालिकाच उरली नव्हती. नव्या नेटवर्कचं गणित जमेना. त्यातच ‘स्टार वॉर्स’ आणि पाठोपाठ ‘क्लोज एन्काउंटर्स’ हे सिनेमे तुफान चालले. दुसऱ्यात नायकाची बायको कोण? टेरी गार! सांगितलं होतं ना. पॅरामाउंटने विचार बदलला. मालिका रद्द. तिच्या पहिल्या भागाची कथा फुगवून सुमारे साडेचार कोटी डॉलरचा सिनेमा बनवला, ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’. तो 1979 च्या डिसेंबरमध्ये आला.

निर्मात्यांनी बाकीचा माल अजिबात वाया घालवला नाही. सेटची डागडुजी करून ते पुढच्या ‘नेक्स्ट जनरेशन’मध्येही वापरले. इलिया आणि तिचा जुना प्रियकर डेकर यांच्यावरून त्यातले ट्रॉय आणि रायकर घडले. 1988 मध्ये लेखकांचा संप झाला, नव्या कथा मिळेनात, तेव्हा ‘फेज टू’ची ‘द चाइल्ड’ ही स्क्रिप्ट कपाटातून बाहेर निघाली. इलियाचं बाळ ट्रॉयच्या पोटी आलं. अगदी ‘स्टार ट्रेकच्या जिवावर नेटवर्क काढू’ ही आयडियाही मेली नाही. 1995 मध्ये पॅरामाउंटने ‘व्हॉयेजर’ घेऊन यूपीएन सुरू केलंच.

म्हणूनच ‘न झालेल्या आयडिया काही वाया जात नाहीत’ असं फॅन्स म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. कागद दहा वर्षं कपाटात थांबतो. माणूस कसा थांबणार? निमॉय सिनेमात परतला आणि झॉन गायब झाला. गॉत्रोच्या वाट्याला उरला एका अंतराळस्थानकाचा कमांडर, चार वाक्यांचा, आणि ते स्थानकही थोड्याच वेळात खलास. पर्सिसची भूमिका मोठी राहिली, पण शेवटी इलिया आणि डेकर त्या यंत्रात विलीन होतात. म्हणजे सीक्वेलची वाटच बंद. मालिका झाली असती तर 1978 मध्ये भारतीय अभिनेत्री दर आठवड्याला अमेरिकन घराघरांत दिसली असती. 1980 च्या ऑस्कर सोहळ्यात तिने पुरस्कार दिला, पुढे स्टॅलोनसोबत ‘नाइटहॉक्स’ केला. पण तसं नियमित काम काही मिळालं नाही. 1998 मध्ये मुंबईत ती गेली, पन्नाशीच्या आतच.

यादी अजून लांब आहे. 1991 च्या सिनेमात सुलू स्वतःच्या यानाचा कॅप्टन झाला, तेव्हा त्याच्यावर मालिका काढा म्हणून फॅन्स मागे लागले. मिळाला काय, तर ‘व्हॉयेजर’चा एक भाग. मिशेल योची ‘सेक्शन 31’ 2019 मध्ये मालिका म्हणून जाहीर झाली आणि 2025 मध्ये सिनेमा होऊन आली. समीक्षकांनी तिची पार सालटी काढली. आणि ‘पिकार्ड’च्या शेवटी सेव्हन ऑफ नाइन ‘एंटरप्राइझ’ची कॅप्टन झाली तेव्हापासून ‘लेगसी’ मागणाऱ्यांनी सह्यांची मोहीमही चालवून झाली. गॅरी सेव्हनचं मात्र बरं झालं. 2022 च्या ‘पिकार्ड’मध्ये त्याच्याच खात्यातली एक एजंट भेटते, तब्बल 54 वर्षांनी.

वीकेंडला वेळ असेल तर 1979 चा सिनेमा बघा. संथ आहे, आधीच सांगते. नंतर लगेच ‘नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ‘द चाइल्ड’, लावा. आणि बघता बघता ट्रॉयच्या जागी पर्सिसला बसवून पाहा.