रिक्षावाला "नाही" का म्हणतो? दुकानदारासाठी एक हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत घरपोच डिलिव्हरीचा विषय घेतला होता. त्यात रिक्षाचं उदाहरण घाईत आटोपलं, म्हणून इथे आकड्यांसकट लिहितोय.

अनुभव तुमचाही असेल. स्टेशनबाहेर रिक्षांची रांग. तुम्ही ठिकाण सांगता. पहिला मान हलवतो, दुसरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो, तिसरा "कुठं?" विचारतो आणि गाडी पुढे काढतो. गंमत म्हणजे लांबचं सांगितलं तरी नाही आणि जवळचं सांगितलं तरी नाही! आपण वैतागून म्हणतो, "यांना धंदाच करायचा नाही." पण एकदा त्याच्या सीटवर बसून हिशोब करून बघा.

मुंबईचे दर घेऊ. १ फेब्रुवारी २०२५ पासून तिथे पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे.

लांबचं भाडं: ५ किलोमीटरचे साधारण ८६ रुपये झाले. पण उतरायची जागा आडबाजूची असेल तर परतीचं भाडं मिळत नाही. रिक्षा चालली १० किलोमीटर, पैसे मिळाले ५ चे. म्हणजे किलोमीटरला साडेआठच्या आसपास. गॅस मात्र दोन्ही वेळेला जळला.

जवळचं भाडं: दीड किलोमीटरला २६ रुपये. किलोमीटरच्या हिशोबाने हे भाडं चांगलं दिसतं. पण समजा, स्टँडवर २० मिनिटं थांबून त्याचा नंबर आलाय. तुम्हाला सोडून आला की पुन्हा रांगेच्या शेवटी. २६ रुपयांत अर्धा तास गेला.

थोडक्यात, लांबच्या भाड्यात भीती रिकाम्या परतीची आणि जवळच्या भाड्यात गेलेल्या वेळेची. मीटर मोजतं ते गिऱ्हाईक बसल्यापासून उतरेपर्यंतचं. हे दोन खर्च मीटरबाहेर राहतात.

म्हणून प्रत्येक शहराने आपापला मार्ग काढलाय. मुंबईच्या उपनगरांत शेअर रिक्षा चालते: ठरलेला रस्ता, ठरलेले पैसे, तीन सीट भरल्या की निघाली. पुण्यात लांबच्या वस्तीत जायचं म्हटलं की "हाफ रिटर्न द्या" ऐकू येतं. बंगळूरला मीटरवर वरचे किती, यावरून घासाघीस होते.

आता हिशोब पटला, म्हणून नकार बरोबर ठरतो का? नाही. रिक्षाला परमिट मिळतं ते लोकांची ने-आण करायला, आणि विनाकारण भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याने गुन्हा आहे. शिवाय नकार सगळ्यांना सारखा लागत नाही. धडधाकट माणूस दीड किलोमीटर चालत जाईल. औषधांची पिशवी घेऊन दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आजीने काय करायचं? जवळच्या रिक्षाची खरी गरज तिलाच आहे, आणि नकारही तिलाच मिळतो.

आता आपल्या गल्ल्याकडे वळा. "एवढ्याशा सामानासाठी पोरगा पाठवता येणार नाही", "तिकडे आमची डिलिव्हरी नाही", ही वाक्यं आपलीच ना? आपणही स्टँडवरचे रिक्षावालेच झालो. फरक एवढाच, की रिक्षाचे दर सरकार ठरवतं आणि आपले आपण ठरवू शकतो. मग हे करा:

१. परतीचा खर्च धरा. डिलिव्हरीचा खर्च म्हणजे जाणं, येणं आणि माणसाचा वेळ. तिन्ही मिळून एका फेरीला किती पडतात, ते एकदा कागदावर काढा.

२. दर आधी सांगा. अंतराप्रमाणे डिलिव्हरीचे पैसे बोर्डावर लिहा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. गिऱ्हाईक २० रुपये देतं. पण तेच २० रुपये दारात सामान आल्यावर मागितले, की चिडतं.

३. शेअर रिक्षा करा. एका बाजूच्या ऑर्डर जमवा आणि सकाळी ११ ला एक, संध्याकाळी ६ ला एक अशी फेरी ठरवा. एकट्या ऑर्डरला न परवडणारी फेरी चार ऑर्डरींत परवडते.

४. कुणाला नाही म्हणायचं नाही, ते आधीच ठरवा. एकटे राहणारे वयस्कर, आजारी माणूस, बाळंतिणीचं घर. त्यांची छोटी ऑर्डरही जाईल. तो खर्च महिन्याच्या हिशोबात धरा, म्हणजे ऐन गर्दीत कपाळाला आठ्या पडणार नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ: गल्ल्याजवळ एक वही ठेवा. सात दिवसांत किती गिऱ्हाइकांना "नाही" म्हटलं आणि का, एवढंच लिहा. त्यातले किती नकार दर ठरवून किंवा वेळ ठरवून "हो" करता येतील, ते रविवारी मोजा आणि आकडा कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत तुमच्याच आकड्यांवर बोलू!