शार्त्रच्या खिडक्यांतला शास्त्रार्थ

चर्चमधल्या रंगीत काचांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी हे चित्रांतले बायबल होते. त्यात तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबलो तर या कलेवर अन्याय होतो. मध्ययुगीन खिडकी गोष्ट सांगते आणि त्याच वेळी त्या गोष्टीवर भाष्यही करते. हे भाष्य कसे उभे राहते ते पाहायला फ्रान्समधल्या शार्त्र कॅथीड्रलइतकी चांगली जागा दुसरी नाही.

११९४ च्या आगीत इथली जुनी वास्तू बहुतांशी जळाली. पश्चिमेचा दर्शनी भाग आणि त्यातल्या बाराव्या शतकातल्या तीन उंच खिडक्या मात्र वाचल्या. नव्या वास्तूच्या बहुतेक खिडक्या साधारण १२०५ ते १२४० या काळात बसवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, काचा उतरवून सुरक्षित जागी हलवल्या, म्हणून त्या आज जागेवर पाहायला मिळतात.

काच वाळू आणि लाकडाच्या राखेची. ती वितळतानाच कोबाल्टने निळी, तांब्याने लाल होई. तांब्याचा लाल इतका दाट उतरे की अख्खी जाड काच तशी केली तर प्रकाशच अडावा. म्हणून पांढऱ्या काचेवर लालाचा पातळ थर चढवत. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत पक्क्या करत आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांत जोडत. प्रकाश काचेतून आरपार जातो आणि काच अभंग राहते. मरियेच्या कौमार्याला बाध न येता झालेल्या ख्रिस्तजन्मासाठी मध्ययुगीन धर्मपंडितांनी हाच दृष्टान्त वापरला. म्हणजे चित्र काढण्याआधीच माध्यम स्वतः प्रतीक झालेले होते.

ओळखीच्या खुणा लवकर पाठ होतात. किल्ल्या दिसल्या की पेत्र, तलवार म्हणजे पौल, मोडके चाक म्हणजे संत कॅथरिन. कबुतर पवित्र आत्म्याचे, कोकरू बलिदान झालेल्या ख्रिस्ताचे. शुभवर्तमानकारांपैकी मत्तयाला मानवरूप, मार्काला सिंह, लूकाला बैल, योहानाला गरुड. प्रभावळीत क्रूस असेल तर ती व्यक्ती देवत्वाची, साधी प्रभावळ संतांची. पण ही झाली शब्दसूची. अर्थ लागतो तो मांडणीतून: कशाच्या वर काय, कशाशेजारी काय.

पश्चिमेच्या तीन खिडक्यांपैकी एक पाहा. तळाशी दाविदाचा बाप इशाय झोपलेला आहे आणि त्याच्या देहातून झाड उगवते आहे. फांद्यांवर एकावर एक राजे, त्यांच्यावर मरिया, शेंड्याला ख्रिस्त आणि त्याच्याभोवती सात कबुतरे, म्हणजे आत्म्याची सात दाने. दोन्ही कडांना संदेष्टे उभे आहेत. यशयाच्या अकराव्या अध्यायातले भाकीत इथे वंशवृक्ष झाले आहे.

दक्षिण बाजूच्या खिडकीत येशूने सांगितलेला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे; तिथे हे कसब आणखी स्पष्ट दिसते. ती खालून वर वाचायची. अगदी तळाशी जोडे शिवणारे कारागीर आपले काम करताना दिसतात. त्यांच्यावर यरुशलेमेहून निघालेला वाटसरू, त्याला लुटणारे चोर, बघून पुढे जाणारे याजक आणि लेवी, मग जखमा बांधून त्याला उतारशाळेत नेणारा शोमरोनी. दाखला इथे संपतो, खिडकी मात्र संपत नाही. वरच्या अर्ध्या भागात आदामाची निर्मिती, निषिद्ध फळ, बागेतून हकालपट्टी, काइनाने केलेली भावाची हत्या, आणि माथ्यावर सिंहासनस्थ ख्रिस्त.

दोन्ही कथा एका चौकटीत का? ऑगस्टिनसारख्या चर्चपित्यांनी या दाखल्याचा लावलेला अर्थ इथे काचेत उतरला आहे. वाटसरू म्हणजे आदाम, अर्थात सगळी मानवजात. यरुशलेम म्हणजे नंदनवन, चोर म्हणजे सैतान, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. बायबलमध्ये हे समीकरण लिहिलेले नाही. खिडकीत ते एकही अक्षर न वापरता सांगितले आहे, नुसते वर-खाली ठेवून.

दक्षिण भुजेतल्या मोठ्या चक्राकार खिडकीखाली याचाच सर्वांत धीट आविष्कार आहे. जुन्या करारातले चार धिप्पाड संदेष्टे आणि त्यांच्या खांद्यांवर बसलेले चार शुभवर्तमानकार: यशयावर मत्तय, यिर्मयावर लूक, यहेज्केलावर योहान, दानीएलावर मार्क. वर बसलेले आकाराने लहान, पण त्यांना दूरचे दिसते. नवा करार जुन्यावर उभा आहे, हा सिद्धान्त मुलालाही कळेल अशा आकृतीत मावला आहे. मध्यभागी मरिया आणि बाळ येशू, कारण दोन्ही करारांची गाठ तिथे पडते.

आपल्याकडेही, मुंबईत कुलाब्याला १८५८ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या अफगाण चर्चच्या रंगीत काचा इंग्लंडमधल्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाने गॉथिक काचकलेचे जे पुनरुज्जीवन केले, त्यातले ते काम. तिथे किंवा कुठल्याही चर्चमध्ये गेलात तर खिडकीला थोडा वेळ द्या. माणसे ओळखून झाली की प्रत्येक चित्राचे शेजारी कोण, याचा विचार करा. जोडणाऱ्याने प्रत्येक जागा समजून नेमली असेल, तर पाहणाऱ्याने ती समजून पाहावी, एवढे आपण त्या कारागिरांचे देणे लागतो.